मुऱ्हाळ्याची सायकल

"अर्धा तास! घड्याळ लावून पाह्य, गफ्फारभाई! अर्ध्या तासात मी खालतं पळसवाडीत, अन् बाराच्या आत शालू माह्या मागं कॅरिअरवर!"

निवृत्तीनं ही बढाई बुलढाण्याच्या भर बाजारात, गफ्फारच्या सायकल दुकानासमोर, सात-आठ माणसांदेखत मारली. बढाई मारायला माझी हरकत नाही. पण एवढे साक्षीदार कशाला ठेवावेत?

कचेरीसमोर निवृत्तीचं चहाचं दुकान होतं. दिवसभर तो गिऱ्हाइकांना पेपर वाचून दाखवायचा, त्यामुळे राज्यकारभार आपल्याला कळतो असं त्याला वाटे. चहा बरा करायचा. सायकल मात्र आजवर घर ते दुकान एवढीच चालवलेली, तीही सपाटीवर.

आखाजीचा, माहेरवाशिणींच्या अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस होता. घरी रुखमाबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, लिंबाला झोका बांधून ठेवला होता आणि सकाळपासून दोनदा स्वतःच त्याला धक्का देऊन पाहिला होता. झोक्यावर बसणारी त्याची बहीण शालू दोन वर्षं माहेरी आली नव्हती. का आली नव्हती? कारण दोन्ही साली निवृत्ती मुऱ्हाळी होऊन तिला आणायला गेला तो पायी. गेल्या साली तर शालूची सासू अन्नपूर्णाबाई उंबऱ्यात उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "मुऱ्हाळी आला का जोगवा मागनारा आला? माही सून पायी धाडनार नाही! वाहन घेऊन ये. अन् बाराच्या आत ये. तुळशीची सावली वट्ट्याले चिकटली का मी सून घराबाहेर काढत नाही!"

ज्यांच्या दारात धमनीसारखी हलकी बैलगाडी उभी असते ती माणसं अशा अटी सहज घालतात. ज्याच्याकडे बैलच नाही त्यानं काय स्वतःला जुंपून घ्यावं?

यंदा निवृत्तीनं मोटारीनं जायचं ठरवलं होतं. पण मुऱ्हाळ्याचा रुबाब पाहिजे म्हणून त्यानं फुलपँट शिवली, आणि त्या पँटीला इस्त्री करता करता मोटार निघून गेली. आता वाजले होते साडेनऊ. सडकेनं राजूरचा घाट उतरून, मोताळ्याच्या बाजूनं वळसा घालून, परत डोंगराच्या पायथ्याशी गाडीवाटेनं यायचं म्हणजे सतरा मैल. डोंगर सरळ उतरला तर तीन.

"सरळ कुठून उतरतं बे?" गफ्फार म्हणाला. "तिथं बकऱ्या उतरतात."

"सरकारी सडक मंजूर हाये तिथून! मी सोता पेपरात वाचलं! लाल रंगाचे दगड लावले हायेत. दगड धरून गेलं का सरळ पळसवाडी!"

हे मात्र खरं होतं. नवं राज्य झालं त्या साली साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन चार माणसं आली. त्यांनी डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत दगड रोवले, दगडांना लाल रंग फासला, पळसवाडीत कोंबडी खाल्ली आणि निघून गेली. त्याला तीन वर्षं झाली. कोणाच्या वाट्याला धरण आलं, कोणाच्या वाट्याला कारखाना आला. आमच्या डोंगराच्या वाट्याला एक डबा रंग आला!

गफ्फारनं जी सायकल काढली ती कोणत्याच कंपनीची नव्हती. अकरा मेलेल्या सायकलींमधून त्यानं ही बारावी जिवंत केलेली. तिचा एकेक नट त्याला तोंडपाठ होता.

"निवृत्तीभाऊ, पुढचा ब्रेक धरशील तं तू पुढं जाशील, सायकल मागं राहील. मागचा ब्रेक... हाय, पर त्याचं मन असलं तर लागतो." मग त्यानं वेल्डिंगचा डाग देताना घालायचा आपला काळा चष्मा निवृत्तीच्या डोळ्यांवर चढवला. "फुफाटा लई हाय. अन् एक ध्यानात ठेव. जेवढं सामान घेऊन चालला, तेवढं परत आन. एक नट कमी भरला तर तुह्या चहाच्या किटलीतून काढून घेईन!"

कॅरिअरला सांजोऱ्यांचा डबा, हँडलला पिशवी, पिशवीत ओटीचा नारळ. निवृत्ती निघाला.

माथ्यावरचे पहिले तीन दगड त्यानं शीळ वाजवत ओलांडले. वाट मुरमाची, उतार गोगलगायीच्या पाठीएवढा. निवृत्तीच्या मनात आलं, लोक उगाच डोंगराला भितात! चौथा दगड जरा डावीकडे दिसला, बांधावर. लालभडक! त्यानं हँडल डावीकडे वळवलं, जोरात पायडल मारलं, दगडाला चाक घासलं आणि पुढं बघतो तर पुढं काहीच नव्हतं! बांध संपला होता. खाली पुरुषभर खोल पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या झाडांचा, ढीग रचलेला होता. सायकल त्यात पुढच्या चाकानं शिरली आणि निवृत्ती डोक्यानं. घंटी कुठंतरी उडाली ती शेवटची टिंग करून गेली.

पऱ्हाटीतून त्यानं तोंड बाहेर काढलं तेव्हा बांधावर कमरेवर हात देऊन एक बाई उभी होती. मंजुळाबाई. त्या शेताची मालकीण.

"मेल्या, देवावर सायकल घातली?"

"देव कुठी? तो सडकेचा दगड हाये!"

"दगड तू! हा आपोआप शेंदूर आलेला देव हाये. तिकडं उतारावर उनात पडला होता बिचारा. मी डोक्यावर घेऊन आली, अठी बांधावर बसवला. तवापासून माही हीर आटली नाही!"

निवृत्तीला सगळा उलगडा झाला. सडक मंजुळाबाईच्या डोक्यावरून दुसरीकडे गेली होती! त्यानं पेपर, मंजुरी, नकाशा असं बरंच सांगितलं. मंजुळाबाईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नारळ फोड."

"ओटीचा हाये, बाई!"

"चाक देवाले लागलं. फोड, नाहीतर सायकल अठीच राहील."

नारळ फुटला. देवाला अर्धा, मंजुळाबाईला अर्धा, निवृत्तीला कपाळभर शेंदूर. जाताजाता तिनं खरी उताराची वाट मात्र बोटानं दाखवली. घड्याळ नव्हतं, पण उन्हावरून साडेदहा वाजून गेले होते. अर्धा तास तर संपलाच!

पुढची वाट पाहून निवृत्तीची शीळ घशातच वाळली. सुकलेल्या सागाच्या पानांचा वीतभर थर, खाली सुटा मुरूम, मधेच गुडघाभर उंच खडकाच्या पायऱ्या, एका अंगाला नाला. त्यानं मागचा ब्रेक दाबला. ब्रेकचं आज मन नव्हतं. त्यानं दोन्ही पाय जमिनीवर घासले, चपला तापल्या. त्यानं एका मोठ्या धोंड्याकडे नजर लावली, म्हटलं याच्यापासून लांब राहू, आणि बरोब्बर त्याच धोंड्यावर जाऊन आदळला! मग त्याला एक झाड दिसलं. त्यानं झाडाकडे पाहिलं. झाडालाही भेट देऊन झाली. तिसऱ्या वेळी तो एका माणसाकडे पाहत होता.

"अरे अरे अरे! माह्यावर काऊन येतो?" म्हातारा काठी टाकून बाजूला उडाला. सायकल सलईच्या बुंध्याला टेकून थांबली.

हा फकीर मोहम्मद. चाळीस वर्षं या डोंगरात बकऱ्या चारणारा. त्याच्या भोवती तेवढ्याच बकऱ्या उभ्या राहून निवृत्तीकडे अशा पाहत होत्या, की जणू त्यांच्यातलंच एक बावळट करडू बिघडलेलं आहे.

"चाचा, बाराच्या आत पळसवाडीले पोचायचं हाये. बहिनीले आनायचं हाये, नाहीतर यंदाबी राहून जाईल ती."

म्हाताऱ्यानं त्याला आधी पाणी पाजलं. मग सायकलीभोवती एक फेरी मारली. "तू दगडाकडं पाह्यतं म्हनून दगडावर जातं. बकरी पाह्य. बकरी पायाखाली पाह्यत नाही, जठी जायचं तठी पाह्यते. नजर जाते तिकडंच अंग जाते, बेटा. अन् बसून काऊन राह्यला? उतारावर बुड उचलायचं, मागं सरकायचं. बकरी उतरताना अशीच करते."

"अन् ब्रेक?"

"गाडी घाटात उतरवताना मागं ओंडका बांधतात का नाही? हा घे ब्रेक!" म्हणत त्यानं बाभळीची एक पुरुषभर वाळली फांदी ओढून आणली आणि कॅरिअरला दोरीनं करकचून बांधली. मग त्याला सायकलीची घंटी दिसेना. "वळनावर मानसं असतात, आवाज पाह्यजे," असं म्हणून त्या भल्या माणसानं आपल्या सगळ्यात मोठ्या बकरीच्या गळ्यातली घाटी सोडून निवृत्तीच्या हँडलला अडकवली.

उपकार करण्याच्या भरात माणूस आपला धंदा विसरतो, तो असा. त्या घाटीच्या मागं चालायचं एवढंच त्या चाळीस बकऱ्यांना जन्मल्यापासून शिकवलेलं होतं!

निवृत्तीनं बुड उचललं, मागं सरकला, धोंडे सोडून वाटेकडे नजर लावली. आणि काय सांगू! सायकल चालली! फांदी मागं खरडत होती, वेग ताब्यात होता. वळण आलं, त्यानं वळणाच्या पलीकडे पाहिलं, सायकल वळली. खडकाच्या सात पायऱ्या आल्या. धड् धड् धड् करत त्या उतरताना त्याचे दात, सांजोऱ्या आणि गफ्फारचे नट एकाच तालात वाजले, पण तो पडला नाही. त्याच्या छातीत असा आनंद भरला, की तो एकटाच ओरडला, "जमलं बे! जमलं!"

तेव्हा त्याला मागून उत्तर आलं. "म्यॅऽऽ!"

त्यानं वळून पाहिलं. चाळीस बकऱ्या एका रांगेत त्याच्या मागं पळत होत्या. त्यांच्या मागं फकीर मोहम्मद, "घाटी काढ! घाटी फेक!" म्हणत. पण हँडल सोडून घाटी काढायची तर निवृत्तीला तिसरा हात पाहिजे होता! मागं पाहिलं म्हणून वाटही चुकली. पुढचं चाक एका कपारीत गेलं, कण्हलं, आणि बाहेर आलं ते भाकरीसारखं वाकडं होऊन. तरी उतार सोडत नव्हता. घाटी वाजत होती, फांदी खरडत होती, एकशे साठ खुरं वाजत होती.

आता खाली पळसवाडीत काय दिसलं ते ऐका. डोंगरावरून, बरोबर लाल दगडांच्या रांगेनं, धुळीचा एक लोट गावाकडे येत होता. माणूस उडवत नाही एवढी धूळ. बैलगाडीही उडवत नाही.

"जीप!" पंजाबराव सरपंच ओट्यावरून ओरडले. "सडकेचा सायब आला! घमेली काढा! पावडी काढा! श्रमदानाले गाव तयार हाये म्हनून दिसलं पाह्यजे! तोरन बांधा! अन्नपूर्णाबाई, आरतीचं ताट!"

तीन वर्षं वाट पाहिलेलं गाव होतं ते. पाच मिनिटांत पन्नास माणसं पावडी घेऊन वेशीत उभी राहिली. आंब्याच्या पानांचं तोरण चढलं. लोट आला, थांबला, बसला. त्यातून एक आकृती निघाली. अंगावर फुलपँट, डोळ्यांवर काळा चष्मा, पायापासून केसांपर्यंत एकसारखी मातीची. साहेबच! जीप नसली तर नसली.

निवृत्ती तोंड उघडणार तोच अन्नपूर्णाबाईनं त्याच्या कपाळावर कुंकू लावून ओवाळलं, पंजाबरावांनी गळ्यात हार घातला आणि हातात नारळ दिला.

"सायब, तीन साल झाले! बाया बाळंतपनाले खाटेवर घालून डोंगर चढवा लागते!"

"अहो, मी सायब नाही! मी चहावाला हाये!"

"हेच!" पंजाबराव गर्दीकडे वळून म्हणाले. "सगळे सायब असंच म्हनतात. हे माह्याकडं नाही, मी तो नव्हेच!"

"मी निवृत्ती! मुऱ्हाळी हाये मी! बारा वाजले का?"

"पाह्यलं? आल्या आल्या घड्याळ!"

एवढ्यात बकऱ्या पोचल्या. त्यांनी आधी तोरण खाल्लं, मग निवृत्तीच्या गळ्यातला हार खाल्ला, आणि एक बोकड सरपंचांच्या भाषणाच्या कागदाशी बोलणी करू लागला. आरडाओरडा झाला. त्या गोंधळात निवृत्तीनं चष्मा काढला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली, "शालूऽऽ!"

विहिरीकडून एक घागर खाली ठेवल्याचा आवाज आला. शालू गर्दीतून पुढं आली. तिनं मातीच्या त्या माणसाकडे पाहिलं. चष्म्याखाली स्वच्छ राहिलेली दोन वर्तुळं तेवढी ओळखीची होती.

"दादा! हे काय ध्यान!" म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

पन्नास पावडी हळूहळू खाली आली. पंजाबराव कोरड्या आवाजात म्हणाले, "म्हंजे सायब आलाच नाही."

आता निवृत्ती भडकला. सकाळपासून तो फक्त आपटत होता, भडकायला वेळच मिळाला नव्हता.

"नाही आला! अन् येनारबी नाही! एक डबा रंग फासून गेले. वरची बाई त्याच्यापुढं नारळ फोडते, तुम्ही त्याच्याकडं पाहून तोरन बांधता, अन् मी त्याच्या नादानं पऱ्हाटीत पडतो. आपन सगळेच येडे! अरे, मी आज अख्खा डोंगर उतरलो. पडूनपडून मोजला! कठीन जागा दोनच हायेत. मंजुळाबाईच्या बांधाखालचा उतार, अन् सात पायऱ्यांचा खडक. बाकी वाट हायेच! पावडी सायबाच्या हातात हायेत का तुमच्या?"

मग धापा टाकत पोचलेला फकीर मोहम्मद म्हणाला, "खडक तोडायची गरज नाही. त्याच्या डाव्या अंगानं बकऱ्या जातात. तिकडून काढा." आणि हँडलवरची आपली घाटी सोडायला लागला.

पंजाबरावांनी हातातला भाषणाचा उरलेला अर्धा कागद पाहिला. तो खिशात घातला. एका माणसाच्या हातातलं पावडं घेतलं. "पावडी काढलीच हायेत, तर कामाले लावू," ते म्हणाले.

हे सगळं होईपर्यंत अन्नपूर्णाबाई मात्र आपल्या मुद्द्यावरून तसूभर हलली नव्हती. "सडकेचं मंग पाहू. बारा वाजून गेले."

"आत्याबाई," शालू पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही ताट घेऊन निघाल्या तवा तुळशीची सावली दीड वीत होती. घागर घेऊन निघताना मी पाह्यली. तुम्ही सोता कुंकू लावून घेतला मुऱ्हाळी!"

गर्दीत कोणीतरी हसलं. अन्नपूर्णाबाईनं ताटाकडे पाहिलं. ताट तिच्याच हातात होतं.

"बरं. वाहन?"

सगळ्यांनी सायकलीकडे पाहिलं. पुढचं चाक वाकडं, मागं बाभळीची फांदी, घंटी नाही.

"हे वाहन? चाक तरी फिरते का याचं? माही सून वेशीपर्यंत वाहनावर बसून गेली पाह्यजे. चाक फिरलं पाह्यजे!"

निवृत्तीनं पुढचं चाक ढकललं. ते फिरलं नाही. त्याचा चेहरा पडला. दोन वर्षं, आणि आता एका चाकापायी तिसरं! लिंबाखाली तो रिकामा झोका त्याला दिसायला लागला.

"मागचं तर फिरते!" शालू म्हणाली. आणि पदर खोचून, फांदी सोडून, डबा मांडीवर घेऊन कॅरिअरवर जाऊन बसली.

मग जे झालं ते पळसवाडीत अजून सांगतात. निवृत्तीनं सायकलीचं पुढचं अंग उचललं, दांडी खांद्यावर घेतली आणि वाकून ओढायला लागला. मागचं चाक फिरलं. अन्नपूर्णाबाई शेजारून वेशीपर्यंत चालत आली, चाकावरची नजर न काढता. वेशीत तिनं चाक थांबलेलं पाहिलं, निवृत्तीच्या कपाळावरून गळणारा मातीचा ओघळ पाहिला, आणि पहिल्यांदा तिचा आवाज जरा मऊ झाला.

"पानी पेशील का रे?"

"पेतो, मावशी." निवृत्तीनं सरपंचांनी दिलेला नारळ तिच्या हातात दिला. "ओटीचा हाये. एक वरती देवाले गेला."

वेशीबाहेर शालू उतरली. निवृत्तीनं सायकल डोक्यावर घेतली, शालूनं सांजोऱ्यांचा भुगा घेतला, आणि भाऊ-बहीण पायी डोंगर चढले. त्यांच्या पुढं पन्नास माणसं पावडी घेऊन होती. निवृत्ती कुठं कुठं पडला ते विचारून घेत होती आणि तिथं तिथं खूण करत होती. लाल रंग संपला होता, म्हणून चुन्यानं.

दिवस उतरायच्या आत शालू झोक्यावर होती.

गफ्फारनं सायकल पाहिली. मग एकेक नट मोजला. "घंटी कमी हाय," म्हणाला, "पर बाभळीचे काटे जास्ती भरले. जाऊ दे, बराबर झालं. आता सांग, पायऱ्यांवरून खरंच उतरली ही?" निवृत्ती हो म्हणाला, तेव्हा त्यानं दुकानातल्या सगळ्यांना बाहेर बोलावून ती सायकल दाखवली.

त्या साली पेरणीच्या आधी पळसवाडीनं धमनी जाईल एवढी वाट काढली. दुसऱ्या साली सरकारी माणसं आली, तयार वाट पाहून खूश झाली आणि तिच्या दोन्ही अंगांच्या दगडांना परत लाल रंग फासून गेली. त्यातले दोन मंजुळाबाईनं त्याच आठवड्यात नेले.

आणि पुढच्या आखाजीला? निवृत्तीनं पंजाबरावांची धमनी सांगून ठेवली होती, पँटीला आदल्या रात्रीच इस्त्री मारली होती. पण चार दिवस आधीच अन्नपूर्णाबाईचा निरोप आला. शब्दाला शब्द असा:

"मुऱ्हाळ्याले म्हनावं, वाहन आनू नको. गावाची तोरनं उरत नाहीत. पायीच ये!"